व्यापाऱ्यांना कौल देणारी जहागीर

1148 च्या सुमाराची गोष्ट. व्हेझले गावचे काही सराफ प्रोव्हँच्या जत्रेला निघाले होते. वाटेत, फ्रान्सच्या राजाच्या हद्दीतल्या रस्त्यावर, सॉन्सच्या व्हायकाउंटच्या मुलाने त्यांना गाठून लुटलं. त्या काळच्या युरोपात वाटमारी नवीन नव्हती आणि लुटणारा बड्या घरातला असला तर तक्रार करणार कुणाकडे, असा प्रश्न असायचा. राजा सातवा लुई तेव्हा क्रुसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, गेलेला होता. मागे राज्याचा कारभार स्यूजे नावाचा मठाधिपती पाहत होता. प्रोव्हँचा धनी काउंट तिबो याने या स्यूजेला पत्र धाडलं. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असला प्रकार खपवून घेतला तर माझ्या जत्रा बुडतील, असा त्याचा आशय होता.

लुटले गेलेले सराफ तिबोची प्रजा नव्हते. रस्ताही त्याच्या हद्दीत नव्हता. तरीही ही लूट त्याने आपल्यावरचा घाला मानली, कारण ते लोक त्याच्या बाजारपेठेकडे निघालेले होते. पुढची दीडशे वर्षं पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा व्यापार या घराण्याच्या चार गावांमध्ये का होत राहिला, हे या एका पत्रावरून ध्यानात येतं. त्या घराण्याची जहागीर म्हणजे शॅम्पेन.

शॅम्पेन म्हटलं की आज फेसाळती वाइन आठवते. ती वाइन या जहागिरीचा शेवट झाल्यावर तीनशेहून अधिक वर्षांनी आकाराला आली. बाराव्या शतकातली शॅम्पेन ही पॅरिसच्या पूर्वेला, सेन, मार्न आणि ओब या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली मोठी काउंटी होती. त्र्वा, प्रोव्हँ, मो, बार-स्यूर-ओब, एपर्ने ही तिची गावं. आज शॅम्पेनच्या नावाशी जोडलं गेलेलं रँस शहर मात्र काउंटच्या ताब्यात कधीच नव्हतं. तिथे आर्चबिशपची सत्ता होती आणि फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथेच होत.

काउंट हे मुळात राजाने नेमलेले अंमलदार. नवव्या-दहाव्या शतकात राजसत्ता ढासळली तसे त्यांचे हुद्दे वंशपरंपरेने चालू लागले आणि अंमलदार स्वतःच धनी बनले. 1020 च्या दशकात ब्ल्वाचा काउंट दुसरा ओदो याने त्र्वा आणि मो ही वारसाहीन झालेली ठाणी ताब्यात घेतली. ब्ल्वा पॅरिसच्या नैर्ऋत्येला आणि त्र्वा आग्नेयेला, त्यामुळे राजाचा मुलूख दोन्हीकडून एकाच घराण्याच्या चिमट्यात सापडला. ओदो स्वस्थ बसणारा माणूस नव्हता. राजमुकुटाच्या मागे लागून तो 1037 मध्ये लोरेनमधल्या लढाईत मारला गेला. त्याच्या वारसांना तलवारीच्या बळावर मुलूख वाढवणं फारसं साधलं नाही. 1044 मध्ये त्यांनी तूरसारखं महत्त्वाचं शहर गमावलं, आणि त्यांचं लक्ष हळूहळू पूर्वेकडच्या, तोवर मागास समजल्या जाणाऱ्या शॅम्पेनकडे वळलं.

या घराण्यातला यूग नावाचा काउंट वेगळ्याच वळणाचा निघाला. 1115 मध्ये बर्नार नावाच्या तरुण संन्याशाला मठासाठी जागा मिळाली ती याच यूगच्या मुलखात. तो मठ म्हणजे क्लेर्व्हो, पुढे साऱ्या युरोपात ज्याच्या शाखा पसरल्या. यूगने आपल्या मुलाला औरस मानायला नकार दिला, जहागीर पुतण्याच्या हवाली केली आणि 1125 मध्ये जेरुसलेमला जाऊन टेम्पलर या योद्धा-संन्याशांच्या पंथात दाखल झाला. त्या पंथाचा संस्थापक यूग द पायँ हाही त्र्वाजवळच्याच गावचा. 1129 मध्ये पंथाला चर्चची रीतसर मान्यता मिळाली ती धर्मसभाही त्र्वातच भरली होती.

ज्या पुतण्याला जहागीर मिळाली तोच पत्र लिहिणारा तिबो. राजा सातव्या लुईशी त्याचं वैर पेटलं आणि 1143 च्या सुमारास राजाच्या फौजेने शॅम्पेनमधलं व्हित्री गाव जाळलं. जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले होते, त्या चर्चलाच आग लागली. आत हजाराहून अधिक माणसं जळून मेली असं त्या काळचे बखरकार सांगतात. गावाच्या नावाला 'जळकं' हे विशेषण पुढे कैक पिढ्या चिकटून राहिलं. राजाला याचा पश्चात्ताप जन्मभर छळत राहिला आणि त्याच्या क्रुसेडमागे तोही होता, असं मानतात.

1152 मध्ये तिबो वारला तेव्हा त्याच्या थोरल्या मुलाने, आंरीने, घराण्याची मूळ गादी ब्ल्वा धाकट्या भावाला सोडली आणि स्वतःकडे शॅम्पेन ठेवलं. तीस वर्षांपूर्वी असं कुणी केलं नसतं. आंरीने त्र्वाला खऱ्या अर्थाने राजधानी केलं. तिथे वाडा बांधला, त्याला लागून 1157 मध्ये संत एतिएनचं चर्च उभारलं. सेन नदीचं पाणी कालव्यांनी शहरात खेळवलं, त्यावर गिरण्या आणि कातडी कमावण्याचे कारखाने चालू लागले. दफ्तराची शिस्तही त्याच्याच काळातली. 1178 च्या सुमारास त्याने आपल्या सर्व सरंजामदारांची ठाणेवार यादी लिहून घेतली. सुमारे 1900 नावं. कुणाकडे कोणती जमीन आहे, त्याबदल्यात कुणी किती दिवस किल्ल्याची राखण करायची, याची ही नोंद आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. काउंट स्वतःही कुणाचा ना कुणाचा मांडलिक होताच. काही ठाणी राजाकडून, काही बर्गंडीच्या ड्यूककडून, काही रँसच्या आर्चबिशपकडून आणि इतर बिशपांकडून त्याला मिळालेली. एका माणसाने इतक्या धन्यांपुढे निष्ठेची शपथ घ्यायची आणि तरीही स्वतंत्रपणे वागायचं, हे त्या व्यवस्थेत विचित्र मानलं जात नसे.

इतिहास आंरीला 'दानशूर' म्हणतो. त्याच्या दानतीची एक कथा शॅम्पेनचाच वंशपरंपरागत सेनेशाल, म्हणजे दरबारचा मुख्य अधिकारी, ज्याँ द ज्वँव्हील याने लिहून ठेवली आहे. चर्चच्या पायऱ्यांवर एक गरीब सरदार आंरीपुढे गुडघे टेकून आपल्या दोन मुलींच्या लग्नासाठी मदत मागू लागला. काउंटच्या मागे उभा असलेला आर्तो नावाचा धनाढ्य नागरिक मध्येच म्हणाला, मालकांनी इतकं वाटलंय की आता देण्यासारखं काहीच उरलेलं नाही. आंरी गर्रकन वळला. तू आहेस ना अजून, मी तुलाच देऊन टाकतो, असं म्हणत त्याने आर्तोला त्या सरदाराच्या हवाली केलं. सरदाराने आर्तोचा झगा घट्ट धरला आणि पाचशे लिव्ह्र मोजून घेतल्याशिवाय तो सोडला नाही. कथा गमतीची आहे, पण तिच्या पोटात एक कठोर वास्तव आहे. आर्तोजवळ कितीही पैसा असला तरी तो धन्याचा माणूस होता आणि धनी त्याला वस्तूसारखा देऊ शकत होता.

आंरीकडे वाटायला एवढा पैसा येत होता तो मुख्यतः जत्रांमधून. वर्षाला सहा मोठ्या जत्रा भरत, एकीनंतर दुसरी, जवळजवळ अखंड. जानेवारीत लान्यी, मग ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत बार-स्यूर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँ, ऐन उन्हाळ्यात त्र्वा, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँ आणि वर्ष संपता संपता पुन्हा त्र्वा. त्र्वाच्या दोन जत्रांना लोक 'उन्हाळी' आणि 'हिवाळी' अशाच नावांनी ओळखत. प्रत्येक जत्रा कित्येक आठवडे चालायची आणि तिची शिस्त ठरलेली असे. सुरुवातीचे दिवस माल उतरवून दुकानं मांडण्याचे. पुढे कापडाचे दिवस वेगळे, चामड्याचे वेगळे. कापडाची विक्री संपल्याची हाळी दिली जाई आणि त्यानंतर त्या मालाचा सौदा बंद. अखेरचे दिवस फक्त हिशेब चुकते करण्याचे.

फ्लँडर्सच्या गावांतून लोकरीचं उंची कापड येई. जिनोआ, सिएना, फ्लॉरेन्स, पिआचेन्झा इथले व्यापारी आल्प्स ओलांडून रेशीम, रंग, तुरटी आणि मसाले आणत. त्यातली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला पोहोचलेली असे, तिथून इटालियन जहाजांनी युरोपात आलेली. मिरीच्या वेलापासून त्र्वाच्या तागडीपर्यंतच्या त्या प्रवासात माल कित्येक हातांतून जाई आणि प्रत्येक ठिकाणी भाव चढे. जत्रांमधल्या वजनमापांनाही दूरवर मान होता. आज जगभर सोन्याचा भाव ज्या ट्रॉय औंसात सांगतात, सुमारे 31.1 ग्रॅमचा, त्याचं नाव त्र्वावरूनच पडलं असावं असं मानलं जातं. प्रोव्हँच्या टांकसाळीतल्या दिनारांवर लोकांचा इतका भरवसा होता की बाराव्या शतकाच्या अखेरीला खुद्द रोममध्ये त्यांच्या नमुन्यावर नाणी पाडली जाऊ लागली.

मात्र शॅम्पेनची जागा काही विलक्षण नव्हती. फ्लँडर्स आणि इटली यांच्या मधोमध ती होती हे खरं, पण तशी दुसरीही गावं होती. फरक पडला तो काउंटांच्या हमीमुळे. जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला काउंट कौल देई: वाटेत तुला लुटलं गेलं तर भरपाई मिळवून देणं हे माझं काम. हा कौल आपल्या मुलखाबाहेरही मानला जावा म्हणून शेजारच्या धन्यांशी बोलणी होत, आणि 1209 मध्ये राजा फिलिप ऑगस्टसनेही आपल्या हद्दीतून जत्रेला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिलं. जत्रेत तंटे सोडवायला 'जत्रेचे रखवालदार' नेमलेले असत. त्यांच्या शिक्क्यानिशी झालेल्या कराराला वजन असे. कुणी कर्ज बुडवून गावी पळाला तर रखवालदार त्याच्या गावच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवत. त्या गावाने वसुली करून दिली नाही, तर त्या अख्ख्या गावच्या व्यापाऱ्यांना जत्रा बंद. शिक्षा कडक होती आणि निरपराधांनाही तिची झळ बसे. पण तिच्यामुळे प्रत्येक गाव आपल्या माणसावर स्वतःच लक्ष ठेवू लागलं.

या भरवशावर उधारीचा व्यवहार फोफावला. जिनोआत आज पैसे घ्यायचे आणि पुढच्या प्रोव्हँच्या जत्रेत तिथल्या दिनारांत फेडायचे, असे करार जिनोआचे लेखनिक सर्रास नोंदवू लागले. आपल्याकडच्या हुंडीसारखीच ही सोय होती, चांदीच्या थैल्या डोंगरापलीकडे वाहून नेण्याची गरज उरली नाही. तेराव्या शतकात शॅम्पेनच्या जत्रा कापडापेक्षाही पैशाचा बाजार म्हणून महत्त्वाच्या ठरल्या. काउंटला गाळेभाडं, जकात, तोलाई आणि न्यायालयाची फी मिळे. प्रोव्हँमध्ये त्या काळच्या खुणा अजून उभ्या आहेत. गावाची तटबंदी, बाराव्या शतकातला बुरूज, व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेली दगडी कोठारं आणि घरांखालची कमानदार तळघरं पाहायला मिळतात. 2001 मध्ये युनेस्कोने या गावाचा जागतिक वारशात समावेश केला, तो मध्ययुगीन जत्रांचं गाव म्हणूनच.

पैसा आला तशी विद्याही आली. आंरीची पत्नी मारी ही राजा सातवा लुई आणि एलिनॉर ऑफ अक्विटेन यांची मुलगी. क्रेतिएँ द त्र्वा हा कवी तिच्या आश्रयाला होता. लान्सलॉट आणि राणी ग्विनिव्हियर यांच्या प्रेमाची कथा त्याने मारीच्या सांगण्यावरून लिहिली, असं तो स्वतःच त्या काव्याच्या आरंभी नोंदवतो. आज आर्थर राजाच्या गोष्टींत लान्सलॉटला जे स्थान आहे, ते त्र्वाच्या या दरबारातून आलं. त्याआधी त्याच त्र्वात 1040 ते 1105 या काळात राशी हा ज्यू पंडित होऊन गेला. तालमूदवरची त्याची टीका आजही जगभरच्या ज्यू पाठशाळांत शिकवली जाते. अवघड शब्द समजावताना तो मध्येच स्थानिक फ्रेंच शब्द हिब्रू लिपीत लिहितो, त्यामुळे जुन्या फ्रेंचच्या अभ्यासकांनाही त्याच्या ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही.

शॅम्पेनच्या इतिहासात पुरुष वरचेवर दूरदेशी मेले आणि जहागीर बायकांनी सांभाळली. आंरी 1181 मध्ये पूर्वेकडून परतल्यावर लगेच वारला. मारीने मुलाच्या वतीने कारभार पाहिला. तो मुलगा, दुसरा आंरी, क्रुसेडवर गेला, जेरुसलेमच्या राणीशी लग्न करून तिथेच राहिला आणि 1197 मध्ये आक्र इथे खिडकीतून पडून मेला. त्याच्या मागे पूर्वेत दोन मुली राहिल्या, इकडे गादीवर त्याचा भाऊ तिसरा तिबो बसला. तोही 1201 च्या मे महिन्यात, नव्या क्रुसेडच्या तयारीत असताना, ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्नी ब्लांश नव्हारच्या राजघराण्यातली. तिचे दिवस भरत आले होते. पती गेल्यावर आठवड्याच्या आतच तिला मुलगा झाला.

ब्लांशने पुढची एकवीस वर्षं जहागीर चालवली, आणि या घराण्यातली सर्वांत कर्तबगार व्यक्ती कोण असं विचारलं तर तिचंच नाव घ्यावं लागेल. राजा फिलिप ऑगस्टसच्या संमतीशिवाय पुन्हा लग्न करणार नाही असं वचन देऊन तिने त्याचं संरक्षण मिळवलं. तिच्या आज्ञेवरून दफ्तरातली पत्रं, करार, सरंजामदारांच्या शपथा वह्यांमध्ये उतरवून घेतल्या गेल्या. पूर्वेत मेलेल्या दुसऱ्या आंरीच्या मुलीशी लग्न करून एरार द ब्रिएन हा सरदार गादीवर हक्क सांगायला आला, तेव्हा ब्लांशने पोपकडे आणि राजदरबारी दाद मागितली. 1216 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तरी लढाई टळली नाही. एरारला मिळालेल्या लोरेनच्या ड्यूकवर चाल करून 1218 मध्ये तिच्या फौजेने नान्सी जाळलं. अखेर पैसे देऊन तिने एरारचा हक्क कायमचा मिटवला आणि 1222 मध्ये सज्ञान झालेल्या मुलाच्या हाती अखंड जहागीर सोपवली.

हा मुलगा, चौथा तिबो, जुन्या फ्रेंचमधल्या उत्तम कवींपैकी एक. त्याची साठेक गीतं उरली आहेत, बरीचशी चालींसकट. राज्यकर्ता म्हणून तो तितका खंबीर नव्हता. एकदा सरदारांच्या बाजूला, एकदा राजमाता ब्लांश ऑफ कॅस्टिलच्या बाजूला असं तो करत राहिला, आणि चिडलेल्या सरदारांनी 1229-30 मध्ये शॅम्पेनवर स्वारी केली. 1234 मध्ये मामाच्या मृत्यूनंतर तो नव्हारचा राजा झाला. त्याच वर्षी दुसऱ्या आंरीच्या थोरल्या मुलीचा हक्क मिटवायला मोठी रक्कम हवी होती, तेव्हा त्याने ब्ल्वा, शार्त्र आणि इतर ठाण्यांवरचं आपलं अधिपत्य राजाला 40,000 लिव्ह्रला विकलं. दोनशे वर्षांपूर्वी ओदोने पॅरिसभोवती टाकलेला चिमटा असा पैशासाठी सुटला.

याच कवीच्या उपस्थितीत 1239 मध्ये माँ-एमेच्या टेकडीवर 183 माणसांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. 1288 मध्ये, राजाचा अंमल सुरू झाल्यावर, राशीच्या त्र्वात तेरा ज्यूंना जाळलं गेलं. शॅम्पेनचा कौल बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यासाठी होता. त्याच मुलखात राहणाऱ्या दुबळ्यांना तो लागू नव्हता, आणि या वैभवाबद्दल लिहिताना हे नजरेआड करता येत नाही.

पाचवा तिबो 1270 मध्ये ट्युनिसच्या क्रुसेडहून परतताना सिसिलीत मेला. त्याचा भाऊ तिसरा आंरी 1274 मध्ये गेला आणि सगळा वारसा तान्ह्या जानकडे आला. तिच्या आईने इंग्लंडच्या राजाचा भाऊ एडमंड याच्याशी लग्न केलं आणि आठेक वर्षं हा इंग्रज राजपुत्र शॅम्पेनचा कारभारी होता. 1280 च्या सुमारास प्रोव्हँच्या विणकरांनी बंड केलं. कर वाढले होते, आणि नगराध्यक्षाने सुटीची घंटा उशिरा वाजवायला लावून कामाचे तास लांबवले होते. जमावाने नगराध्यक्षाला ठार केलं. एडमंडने बंड मोडलं आणि गावाचे हक्क काढून घेतले.

1284 मध्ये अकरा वर्षांच्या जानचं लग्न राजपुत्र फिलिपशी लागलं. पुढच्याच वर्षी तो राजा झाला, इतिहासातला 'देखणा' चौथा फिलिप. शॅम्पेन एकही लढाई न हरता राजघराण्यात गेलं. त्र्वाच्या वरिष्ठ न्यायसभेत आता राजाचे न्यायाधीश बसू लागले. जानने पॅरिसला नव्हार कॉलेज स्थापन केलं आणि ज्वँव्हीलला राजा नववा लुई, म्हणजे संत लुई, याचं चरित्र लिहायला सांगितलं. ते 1309 मध्ये पुरं झालं तेव्हा ती हयात नव्हती. 1305 मध्ये ती वारली आणि तीन वर्षांनी तिला जादूटोण्याने मारल्याचा आरोप त्र्वाच्या बिशपवर ठेवला गेला. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला.

फिलिपला पैशाची सतत चणचण आणि युद्धं अनेक. 1291 मध्ये त्याने इटालियन व्यापाऱ्यांना कैद करून पैसे उकळले. 1297 पासून फ्लँडर्सशी युद्ध पेटलं आणि जत्रांचा कापडपुरवठा करणारे शत्रू ठरले. 1306 मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं. तिकडे 1277 पासून जिनोआची गलबतं जिब्राल्टरला वळसा घालून थेट फ्लँडर्स-इंग्लंडकडे जाऊ लागली होती, आणि मोठ्या इटालियन पेढ्या गुमास्ते ठेवून पत्रांवर व्यापार करू लागल्या होत्या. समुद्रमार्गामुळे जत्रा बुडाल्या की राजाच्या धोरणामुळे, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. समुद्रमार्ग आधी तुरळकच वापरात होता, हे पाहता राजाच्या धोरणाचा वाटा मोठा मानायला जागा आहे. काउंटचं पोट जत्रांवर होतं, म्हणून तो कौल मोडत नव्हता. राजाला तसं बंधन नव्हतं.

1314 मध्ये जानचा मुलगा दहावा लुई राजा झाला तेव्हा काउंट आणि राजा एकच माणूस झाला. दोनच वर्षांत तो मेला. त्याची मुलगी दुसरी जान हिला डावलून आधी मुकुट काकांकडे गेला, मग शॅम्पेनही. 1328 आणि 1336 च्या करारांनी तिने हक्क सोडला, बदल्यात आंगुलेम आणि इतर ठाणी मिळाली. पुढे आंगुलेमही गेलं आणि राजा ज्याँने ते आपल्या लाडक्या चार्ल्स द ला सेर्दाला देऊन टाकलं. जानचा मुलगा, नव्हारचा राजा चार्ल्स, याने 1354 मध्ये ला सेर्दाचा खून करवला. तरी शॅम्पेन त्याला परत मिळालं नाही. 1361 च्या नोव्हेंबरात राजा ज्याँने फर्मान काढलं की शॅम्पेन यापुढे राजमुकुटापासून कधीही वेगळं करता येणार नाही.